चिमटे लावलेलं नाव

४ मार्च

मुंगे,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. मी पत्र लिहितो ते एरवी कोणी गेलं की, म्हणून आधीच सांगून टाकलं. फोनवर माझी जीभ अडखळते, शिवाय खोली एवढीशी की सूनबाईला सगळं ऐकू जातं. जन्मभर पाट्या रंगवल्या, पण शाळा तिसरीपर्यंतच. अक्षरं देखणी येतात, वाक्यं येत नाहीत. तू सांभाळून घे.

काळजी सूनबाईचीच आहे. ती आणि तुझा दादा मोठ्या लाँड्रीत आहेत हे तुला माहीत आहे. रुग्णालयाच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे, सगळं तिथे धुवायला येतं. गाठोडी सोडली की आत वापरलेल्या सुया निघतात. कोणी काढून ठेवत नाही, तशाच गुंडाळून पाठवतात. जानेवारीत सूनबाईच्या तळहातात एक खोल घुसली. तिने नळाखाली हात धरला, फडकं बांधलं आणि कामाची पाळी पूर्ण केली. आता तिचे डोळे मला पिवळे दिसतात. तसं म्हटलं तर म्हणाली, "बाबा, तुम्ही सकाळपासून पिवळ्या रंगाची पाटी रंगवताय. आता तुम्हाला भिंतपण पिवळी दिसेल." हसण्यावारी नेते. पण जेवत नाही, जिन्यात मध्येच बसते.

तिच्यासारखे आणखी आहेत. त्यांची मागणी एवढीच, की जाड रबरी हातमोजे द्या. लाँड्रीवाला म्हणतो रुग्णालयाने द्यावेत, रुग्णालय म्हणतं लाँड्रीवाल्याने. म्हणून या लोकांनी 'धुलाई कामगार सभा' काढली, काम बंद केलं आणि रुग्णालयाच्या फाटकाशी जाऊन बसले. दादा पुढे आहे. त्याला पुढे व्हायची लहानपणापासून खोड, तुला आठवत असेल. मी म्हटलं, "अरे, मागे बस." तर म्हणाला, "बाबा, सगळे मागे बसले तर पुढे कोण दिसेल?"

फलक मी रंगवला. चार माणसं धरतील एवढं कापड, लाल जमीन, पांढरी अक्षरं. एवढं चांगलं काम बऱ्याच वर्षांत हातून झालं नव्हतं. सगळे म्हणाले, दुरून वाचता येतं.

तुमच्या वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढून गेला. तू तिथे बातम्यांच्या टेबलावर बसतेस म्हणून लिहितो, दोन बरे शब्द पडतील असं बघ. मन चिंती ते वैरी न चिंती, माझं असं झालंय.

तुझा मामा

९ मार्च

मामा,

पत्र मिळालं. तुमचं अक्षर आमच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. आमच्या चित्रकाराने ते मागून घेतलं आणि बराच वेळ बघत बसला.

वहिनीला आधी रक्त तपासायला न्या. रंगाच्या गोष्टी ऐकून घेऊ नका, ती तुम्हाला गुंडाळते. सुई कधी टोचली ते डॉक्टरांना नीट सांगा.

बातमीचं बघते. माझ्याकडे तुमच्या शहराचं पान येतं खरं, पण पान एकटीचं नसतं. वर साहेब आहेत, त्यांच्यावर आणखी कोणी आहे, आणि रुग्णालयाचे विश्वस्त त्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. दादाला सांगा, फोटोत पुढे उभा राहू नकोस. तुमच्या दोघांच्या भांडणात मी तुमच्या बाजूने.

तुमची मुंगी

१४ मार्च

मुंगे,

छापून आलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे वर्तमानपत्र येतं, त्याने मला हाक मारून बोलावलं. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, त्याच्या अर्ध्या गालाला साबण. न्हाव्याने मोठ्याने वाचलं, 'रुग्णालयाला सभेचा विळखा'. खाली, 'स्वतःला "धुलाई कामगार सभा" म्हणवणाऱ्या जमावाने फाटक अडवल्याने रुग्णांचे हाल'. वर फोटो, माझा फलक, भला मोठा.

साबणवाल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "पण यांना पाहिजे काय?"

न्हावी बातमी पुन्हा वरून खाली वाचून गेला. हातमोजे हा शब्द कुठेच नव्हता. "काही म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "नुसतेच बसलेत."

"मग उठवा की," गिऱ्हाईक म्हणालं.

मी तिथे उभा. माझा मुलगा त्यात आहे हे न्हाव्याला ठाऊक. त्याने माझ्याकडे न बघता वस्तरा घासायला घेतला. एरवी हा माणूस मला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

घरी येऊन फोटो खिडकीपाशी धरला. तेव्हा कळलं, मुंगे. माझ्या फलकावर 'धुलाई कामगार सभा' एवढं दांडगं, की माणसांची डोकी त्याखाली चिरडल्यासारखी दिसतात. आणि 'हातमोजे द्या' हे खाली, बारीक, एका बाजूला. फोटोत तर ते मुळीच येत नाही, तिथे कोणाचं तरी डोकं आलंय. आम्हा पाट्या रंगवणाऱ्यांची रीतच ती. नाव मोठं, माल खाली बारीक. धंद्यात आल्यापासून हाताला दुसरं काही माहीतच नाही. मला कोणी सांगितलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही.

सूनबाईने पडल्या पडल्या फोटो बघितला. म्हणाली, "बाबा, दुकानाची पाटी झाली ही. आता लोक विचारत येतील, तुमच्याकडे सभा काय भावाने?" मग ती बातमीतल्या नावाच्या दोन्ही बाजूंच्या त्या उलट्यासुलट्या खुणा बघत राहिली. "आणि हे बघा. मुंगीच्या लोकांनी नावाला चिमटे लावून वाळत घातलंय."

ती हसली. मला हसू येईना. रक्ताचा कागद आला आहे. डॉक्टरने कावीळ म्हटलं, ती सुईतूनच आली म्हणाला.

हे कोणी लिहिलं? तू असतीस तर असं लिहिलं नसतंस. त्या दिवशी तुझी सुट्टी असणार.

तुझा मामा

१८ मार्च

मामा,

हो, त्या दिवशी ते पान दुसऱ्याकडे होतं.

वहिनीचे चिमटे मी इथे कोणाला सांगितले नाहीत, पण दिवसभर डोक्यात आहेत. आमच्या टेबलामागे भिंतीवर एक तक्ता लावलेला आहे. कोणासाठी कोणता शब्द वापरायचा त्याचा. ज्यांचा कारखाना असेल त्यांच्याबद्दल 'स्पष्ट केले', 'भूमिका मांडली'. जे फाटकाशी बसतात त्यांच्याबद्दल 'दावा केला', 'आरोप केला'. संघटनेची सरकारदरबारी नोंदणी नसेल तर नावाला चिमटे आणि आधी 'स्वतःला म्हणवणारे'. असं लिहिलं की नाव आहे तेच राहतं, पण वाचणाऱ्याला वाटतं हे लोक खोटं नाव घेऊन फिरतायत. यात खोटं एक अक्षर नसतं, म्हणून कोणाला तक्रार करता येत नाही. पहिल्या दिवशी तो तक्ता बघून मी हसले होते. आता न बघता वापरते. म्हणजे, आम्ही सगळेच वापरतो.

तुम्ही फलक पुन्हा रंगवा. हातमोजे वर, मोठं. सभा खाली. आणि लाल नको. छापल्यावर लाल काळं दिसतं आणि काळं बघून लोक घाबरतात.

वहिनीला रुग्णालयात दाखल करायचं का, ते विचारा.

मुंगी

२५ मार्च

मुंगे,

फलक रंगवला. पांढरं कापड, निळी अक्षरं, 'हातमोजे' हाताच्या लांबीएवढे. वाळायला जिन्याच्या कठड्यावर टाकला आणि अजून तिथेच आहे. तो धरायला आता कोणी नाही.

शुक्रवारी धुतलेल्या चादरींची गाडी आत न्यायची म्हणून रखवालदारांनी लोकांना ढकललं. यांनीही ढकललं असेल, मी नाही म्हणणार नाही, मी तिथे नव्हतो. फाटकाशेजारच्या खोलीची काच फुटली. दादाला आणि आणखी काहींना पोलिसांनी नेलं. शनिवारच्या तुमच्या वर्तमानपत्रात 'टोळीचा म्होरक्या ताब्यात'. आधी जमाव होता, आता टोळी झाली. माणसं तीच आहेत. त्यातली एक बाई आपल्या जिन्याखाली राहते, मांजरांना दूध घालते.

मी चौकीत गेलो. बाकावर बसवून ठेवलं. अधिकाऱ्याच्या टेबलावर काचेखाली ते कात्रण होतं. त्याने विचारलं, "म्होरक्या तुमचाच ना?" मी म्हटलं, "मुलगा माझा आहे साहेब. म्होरक्या काय असतं ते मला माहीत नाही." तो म्हणाला, "छापून आलंय ना."

काल जामिनासाठी उभं केलं. सरकारी वकील न्यायाधीशांना म्हणाले, हा बाहेर आला तर रुग्णालयाला पुन्हा विळखा पडेल. विळखा, मुंगे. तो शब्द त्यांच्या तोंडात कुठून आला ते मला लगेच कळलं. ज्याने कोणी तो लिहिला, त्याने असं बसून दोन घटकांत लिहिला असेल आणि घरी जाऊन जेवला असेल. जामीन नाही मिळाला. पुढची तारीख एप्रिलमध्ये.

सूनबाई दाखल आहे. त्याच रुग्णालयात, दुसरीकडे कुठे नेणार? अंगाखाली चादर घातली तर तिने हाताने चाचपून बघितली. नर्सला म्हणाली, "ही आमच्याकडची नाही. काठ नीट दाबलेला नाही." संप फोडायला ठेवलेल्या नव्या लोकांनी धुतलेली असणार. मग माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, यांना तरी हातमोजे दिलेत का, विचारा."

डॉक्टर माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडे बघतो. पोट फुगलंय, झोप फार येते. ती शुद्धीत असते तेव्हा दादा कधी येणार विचारते. मी म्हणतो सोमवारी. कुठला सोमवार ते सांगत नाही.

एवढं कर. 'टोळी' काढ, 'कामगार' घाल. फक्त एक शब्द. हे लोक काय मागत होते ते एकदा छाप. न्यायाधीशही सकाळी काहीतरी वाचतच असतील.

तुझा मामा

३० मार्च

मामा,

'विळखा' मी लिहिला.

सुट्टी नव्हती. तुमच्या दादाचाच फोटो समोर होता, मी त्याला ओळखलं, आणि ओळखलं म्हणून घाबरले. आपला माणूस आहे म्हणून हिने सौम्य लिहिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून इतरांपेक्षा जास्त कडक लिहिलं. साहेब येऊन पाठीवर थाप मारून गेले. शब्द चांगला बसला होता, मामा. तुम्हाला जशी आपली अक्षरं नीट बसली की कळतं, तसं मलाही कळतं. घरी जाऊन जेवलेही.

'टोळी' माझी नाही. पण विळखा घालणारे म्हटल्यावर पुढे टोळीच येणार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी पानावर 'हातमोज्यांसाठी धुलाई कामगारांचे धरणे' असं लावलं. खाली सुयांचं लिहिलं, वहिनीचं लिहिलं, नाव न घेता. चिमटे काढले. पान छपाईला जाण्याआधी साहेबांनी बघितलं. ते ओरडले नाहीत. विचारलं, "कोण लागतात तुझे?" मी सांगितलं. म्हणाले, "मग आधी सांगायचं, तुला त्रास झाला नसता." मथळा बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून मला निधनवार्तांच्या पानावर बसवलं. आतल्या खोलीत, पंखा आवाज करतो, समोर काच आणि तिथे लोक मजकूर घेऊन येतात. ती जाहिरात असते, म्हणून तिथे तक्ता नाही. लोक लिहून देतील ते तसंच लावायचं, शब्द हलवायचा नाही. काल एकाने लिहून दिलं, 'आमचे वडील फार चिडके होते, तरी आठवण येते.' लावलं तसंच.

मला वहिनीला भेटायला यायचं आहे. तुम्ही ये म्हणाल तरच येईन.

मुंगी

६ एप्रिल

मुंगे,

तुझं पत्र दोन दिवस कोटाच्या खिशात ठेवलं. घरातल्या तुझ्या लहानपणीच्या फोटोकडे पाठ करून बसत होतो. मग वाटलं, मी तरी काय केलं. मी नाव मोठं रंगवलं, तू त्याला विळखा म्हटलंस. दोघांनाही काम चांगलं झालं असंच वाटलं होतं. तुझ्यावर रागवायला मला उभं राहायला जागा नाही. पण राग आहे. लपवत नाही.

सूनबाईला वाचून दाखवावं की नाही ते कळेना. तिनेच खिशातून काढायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "विळखा बरा शब्द आहे. ओली चादर पिळताना मनगटाला बसतो तो." थोड्या वेळाने, "त्या शेवटच्या पानावर शब्द बदलत नाहीत म्हणाली ना मुंगी?"

म्हटलं, हो.

"मग आमचं तिथेच छापा म्हणावं."

मी तिला गप्प केलं. असं अभद्र बोलू नये म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, अभद्र काय त्यात? जागा मिळतेय तर घ्यावी." आणि मला लिहून घ्यायला लावलं. माझ्याकडे कागद नव्हता, औषधाच्या खोक्याच्या आतल्या बाजूवर लिहिलं. ते पाठवत नाही. पाठवायची वेळ येणार नाही. डॉक्टर म्हणतो बघू. बघू म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

दादाची तारीख सोमवारी. हा खरा सोमवार. नवा वकील म्हणतो यावेळी सोडतील, कारण आता फाटकाशी कोणीच बसलेलं नाही. हरलो म्हणून सुटू, असं त्याचं म्हणणं.

तू ये. तिने तुला बोलावलंय. येताना डोळे पुसून ये, तिला रडकी माणसं चालत नाहीत.

मामा

८ एप्रिल

मामा,

रविवारी निघते. साहेबांनी सुट्टी देताना काही विचारलं नाही.

तो मजकूर माझ्याकडे पाठवू नका. जिवंत माणसाचं त्या पानावर लागत नाही, एवढा एक नियम मात्र तिथे आहे, आणि तो मी पाळणार आहे. वहिनीला सांगा, मी येऊन तिच्याशी भांडेन.

मुंगी

१५ एप्रिल

मुंगे,

तू रविवारी येऊन गेलीस ते बरं झालं. तिने तुझा हात धरून ठेवला होता, तिचा हात तू गेल्यावरही बराच वेळ तसाच मुठीसारखा होता. मला आधी तिला विचारायचं होतं की तुम्ही दोघी काय बोललात. आता ते तुझ्याकडेच राहू दे.

दादाला सोमवारी जामीन मिळाला, पण कागद तुरुंगात पोचायला मंगळवार उजाडला. तो फाटकाशी पोचला तेव्हा तिला खाली शवागारात नेलं होतं. रखवालदाराने त्याला ओळखलं आणि अडवलं, 'म्होरक्या' म्हणून. मग मीच फाटकाशी जाऊन त्याला आणलं. तो रडला नाही. तिच्या तळहातावर सुईची खूण कुठे आहे ते शोधत बसला. सापडली नाही, इतकी बारीक होती.

माझ्याशी तो बोलत नाही. कठड्यावरचा फलक त्याने उतरवला, नीट घडी केली आणि तिच्या पायाशी ठेवला. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

काल न्हावी घरी आला होता. त्याने सोबत वर्तमानपत्र आणलं, दाखवावं की नाही असं करत शेवटी दाखवलं. 'रुग्णालयाकडून लाँड्री कामगारांना हातमोज्यांची भेट'. विश्वस्तांचा फोटो आहे, हातमोजे ट्रेमध्ये ठेवलेत. भेट म्हणे. न्हावी म्हणाला, "हे मागत होते होय तुम्ही? आधी सांगायचं की हो." त्याने मला चहा पाजला.

आता खोक्यावरचा मजकूर लिहितो. जाहिरातीचे पैसे न्हाव्यानेच पुढे केले, मी नको म्हटलं, दादाने घ्या म्हणून खूण केली. तुझ्या पानाच्या रिवाजाप्रमाणे नाव मोठं लागतं हे मला ठाऊक आहे, माझ्याही धंद्याचा तोच रिवाज. पण तिने मला दोनदा बजावलंय. म्हणाली होती, "बाबा, पुन्हा दुकान करू नका." म्हणून अक्षरं कशी हवीत तेही लिहितो.

सगळ्यात वर, पानावर बसेल तेवढं मोठं: हातमोजे

त्याखाली मध्यम: नव्हते, म्हणून मी गेले. मागितले होते. भेट नको होती.

भेटीचं ती आधीच बोलली होती. बातमी काल आली, पण तिला ठाऊक होतं ते कसे देतील आणि त्याला काय म्हणतील.

त्याखाली: धुलाई कामगार सभा. चिमटे न लावता.

आणि अगदी तळाला तिचं नाव. ते बारीक लाव, तू लहानपणी लिहायचीस तेवढं, मुंगीएवढं.

तुझा मामा